स्थानक बांधू, पण त्याचा शिधा कोण पोहोचवणार?

भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभे राहावे, असे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवली, ‘भारतीय अंतराळ स्थानका’च्या पहिल्या कक्षाला मंजुरी दिली आणि कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर नेली. सुमारे दहा टन वजनाचा हा पहिला कक्ष २०२८ मध्ये अवकाशात पाठवायचा आहे. पुढे आणखी चार कक्ष जोडून स्थानक पूर्ण होईल. या बातम्यांनी ऊर भरून येतो, आणि यावाच. मात्र आजवरची बहुतेक चर्चा स्थानक बांधण्याची आहे. ते बांधून झाल्यावर तिथल्या माणसांना जेवण, पाणी, प्राणवायू, सुटे भाग आणि इंधन वर्षानुवर्षे कोण पोहोचवणार आणि कोणत्या दराने, याविषयी जाहीरपणे फारसे कुणी बोलत नाही. या लेखाचे म्हणणे असे की, ही मालवाहतूक इस्रोने अंगावर घेऊ नये. ती ठरलेल्या दराने किमान दोन भारतीय कंपन्यांकडून विकत घ्यावी आणि त्यासाठीची स्पर्धा स्थानक पूर्ण होण्याची वाट न पाहता आताच जाहीर करावी.

वाहतुकीची सोय नसलेल्या स्थानकाचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९७९ च्या जुलै महिन्यात ‘स्कायलॅब पडणार’ या धास्तीने आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतही लोकांची झोप उडाली होती. अमेरिकेने १४ मे १९७३ रोजी सोडलेले हे सुमारे ७७ टनांचे स्थानक त्या काळातले मोठे यश होते. तीन तुकड्या तिथे राहून आल्या. शेवटची तुकडी ८४ दिवस राहिली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली. त्यानंतर तिथे कोणीही गेले नाही. अंतराळवीरांचा जवळजवळ सगळा शिधा स्थानकाबरोबर एकदाच वर नेलेला होता. मागाहून तो भरण्याची नियमित व्यवस्था नव्हती. स्पेस शटल तयार झाले की स्थानकाला ढकलून वरच्या कक्षेत न्यायचे, असा बेत होता. पण शटलचे पहिले उड्डाण १९८१ पर्यंत लांबले, सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त सक्रिय झाल्याने वरचे वातावरण फुगले आणि स्थानकाची कक्षा झपाट्याने खालावली. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळले आणि त्याचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. स्थानकाच्या बांधणीत फार मोठा दोष निघाला म्हणून ते पडले असे झाले नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणारे वाहन वेळेत तयार नव्हते, म्हणून ते हातचे गेले.

त्याच सुमारास सोव्हिएत संघाने वेगळा मार्ग धरला होता. २० जानेवारी १९७८ रोजी ‘प्रोग्रेस’ नावाचे माणसाविना चालणारे मालवाहू यान सल्यूत-६ या स्थानकाकडे निघाले. शिधा, पाणी आणि इंधन वर न्यायचे, स्थानकाला थोडे उचलून द्यायचे, शेवटी तिथला कचरा पोटात भरून वातावरणात जळून जायचे, एवढेच त्याचे काम. दिसायला साध्या अशा या व्यवस्थेने अंतराळातल्या मुक्कामाचे गणित पालटले. १९८० मध्ये सल्यूत-६ वरचा मुक्काम १८५ दिवसांवर गेला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या सल्यूत-७ वर राहिले, तेही प्रोग्रेसच्याच फेऱ्यांवर चालत होते. अंतराळवीराला रोज लागणारे अन्न वेष्टनासह दोन किलोच्या घरात जाते. तिघे जण वर्षभर राहिले तर नुसत्या जेवणाचेच वजन दोन टनांपर्यंत पोहोचते. प्रयोगांचे साहित्य, कपडे, गाळण्या, पंप, विद्युतघट आणि कक्षा टिकवण्यासाठीचे इंधन त्याहून निराळे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाण्याचा पुनर्वापर ९८ टक्क्यांपर्यंत नेण्यात यश आले आहे, तरीही तिथे मालवाहू यानांची ये-जा थांबलेली नाही. बांधकामाचा खर्च एकदा होतो. वाहतुकीचा खर्च मात्र स्थानक जिवंत असेपर्यंत सुरू राहतो, आणि म्हणूनच त्याचा विचार आधी व्हायला हवा.

ही वाहतूक सरकारी यंत्रणेने स्वतः करावी की विकत घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर आता तर्कावर सोडण्याची गरज नाही. त्याचा प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटल कोसळले आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. शटल लवकरच निवृत्त करावे लागणार, हे त्यानंतर नासाला कळून चुकले. २००६ मध्ये तिने मालवाहतुकीसाठी निराळा करार पुढे आणला. जुन्या पद्धतीत कंपनीचा जो होईल तो खर्च आणि वर नफा सरकार देत असे, त्यामुळे खर्च वाढला तरी कंपनीचे काही बिघडत नसे. नव्या करारात नासाने काय हवे ते सांगितले, यान कसे बांधायचे ते कंपनीवर सोडले, रक्कम आधीच पक्की केली आणि ठरलेला टप्पा पार पडल्याशिवाय त्या टप्प्याचे पैसे दिले नाहीत. कंपनीने स्वतःचेही भांडवल घालावे, अशी अट होती. स्पेसएक्सला या मार्गाने विकासासाठी ३९ कोटी ६० लाख डॉलर मिळाले, ऑर्बिटल सायन्सेसला २८ कोटी ८० लाख डॉलर. स्पेसएक्सचे फाल्कन-९ रॉकेट जुन्या पद्धतीने विकसित केले असते तर सुमारे ४०० कोटी डॉलर लागले असते, असा हिशेब नासाने २०११ मध्ये स्वतःच मांडला. कंपनीने ते साधारण ३० कोटी डॉलरमध्ये केले होते.

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या वाचकाला या कराराची तऱ्हा परकी वाटू नये. साखर कारखाना उसाच्या वाहतुकीसाठी लागणारे सगळे ट्रक आणि ट्रॅक्टर स्वतः विकत घेऊन बसत नाही. गाळपाच्या हंगामाआधी तो तोडणी-वाहतूक ठेकेदारांशी करार करतो, त्यांना उचल देतो आणि मग टनामागे, अंतराप्रमाणे बिल चुकते करतो. वाहन ठेकेदाराचे, ते चालते ठेवण्याची जबाबदारीही त्याची. कारखान्याचे लक्ष गाळपावर राहते. या व्यवहारातला धोकाही इथल्या माणसाला नेमका ठाऊक आहे. उचल एकरकमी हातात पडली आणि टोळी आलीच नाही, तर कारखान्याचा पैसा अडकतो. नासाने हाच धोका टप्प्यांच्या अटीने आवरला. २००६ मध्ये निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लर ठरलेले भांडवल उभे करू शकली नाही. तिच्यासाठी २० कोटी ७० लाख डॉलर राखून ठेवले होते. पण २००७ मध्ये करार रद्द झाला तेव्हा पूर्ण केलेल्या टप्प्यांपोटी सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरच गेले होते. उरलेल्या पैशातून ऑर्बिटलला संधी मिळाली. सार्वजनिक पैसा अपयशातही कसा वाचवता येतो, याचा हा धडा आपल्या प्रत्येक मोठ्या सरकारी करारात गिरवण्याजोगा आहे.

पुढचा इतिहास सर्वांसमोर आहे. डिसेंबर २००८ मध्ये नासाने स्पेसएक्सला १२ फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे आणि ऑर्बिटलला आठ फेऱ्यांसाठी १९० कोटी डॉलरचे काम दिले. दोघांनी किमान २०-२० टन सामान पोहोचवायचे होते. मे २०१२ मध्ये स्पेसएक्सचे ड्रॅगन हे आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडले गेलेले पहिले खासगी यान ठरले. ऑक्टोबर २०१२ मध्ये नियमित फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा ते यान यांत्रिक हाताने पकडण्याच्या कामात सुनीता विल्यम्स सहभागी होत्या. ऑर्बिटलचे सिग्नस सप्टेंबर २०१३ मध्ये पोहोचले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या सिग्नस यानाला तर कल्पना चावलांचे नाव होते. या दोन यानांची कामेही निरनिराळी आहेत. ड्रॅगन समुद्रात उतरून प्रयोगांचे नमुने परत आणते. सिग्नस कचरा घेऊन जळून जाते. सिग्नसचा सामान भरण्याचा हवाबंद कक्ष अमेरिकेत तयार होत नाही. तो इटलीतल्या तुरीन शहरात थालेस अलेनिया स्पेस ही कंपनी बनवते. म्हणजे मालवाहू यान एका छपराखाली घडत नाही. ज्याचे जे काम उत्तम, त्याच्याकडून ते घेऊन जुळवले जाते. भारतातल्या उद्योगांच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. दोन याने अवकाशात एकमेकांना जोडण्याचे तंत्र इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत साधले आणि असे करणारा भारत चौथा देश ठरला. ती याने प्रत्येकी सुमारे २२० किलोची होती. अनेक टनांचे यान जोडणे याहून पुष्कळ अवघड असेल, पण पाया घातला गेला आहे. अवकाशातून वस्तू सुखरूप परत आणण्याचा अनुभव जानेवारी २००७ च्या एसआरई-१ मोहिमेपासून आपल्या गाठीशी आहे; ते ५५० किलोचे यान बंगालच्या उपसागरातून उचलून आणले होते. एलव्हीएम-३ रॉकेट पृथ्वीच्या खालच्या कक्षेत सुमारे आठ टन वजन नेऊ शकते. यानाचे स्वतःचे वजन वजा करता त्यातून दोन-तीन टन सामान जाईल, असा अंदाज बांधता येतो. उद्योगांकडे उत्पादन सोपवण्याची सुरुवातही झाली आहे. पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे काम २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना मिळाले. २०२५ मध्ये पिक्सेलच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या भारतीय कंपन्यांनी स्वतःचे १,२०० कोटींहून अधिक भांडवल घालून १२ भूनिरीक्षण उपग्रह उभारण्याची जबाबदारी घेतली. भारतीय कंपन्यांकडे यान बांधण्याची ताकद नाही, हा आक्षेप म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. २००६ मध्ये नासाने निवड केली तेव्हा स्पेसएक्सने एकही वस्तू कक्षेत पोहोचवली नव्हती. तिचे पहिले रॉकेट त्याच वर्षी मार्चमध्ये कोसळले होते. काम मिळाल्यावर ताकद वाढते, आणि करार नीट असेल तर ती सरकारला परवडणाऱ्या दरात वाढते.

यावरचा सर्वांत ठळक आक्षेप सुरक्षिततेचा आहे. खासगी कंपनी नफ्यासाठी घाई करील आणि अपघात होतील, असे म्हटले जाते. अपघात झाले, हे खरेच. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ऑर्बिटलचे अँटारेस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांत फुटले. २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचे रॉकेट दोन मिनिटांनंतर हवेतच विखुरले. पण या दोहोंच्या मध्ये, एप्रिल २०१५ मध्ये, रशियाचे सरकारी प्रोग्रेस यानही निकामी झाले, आणि त्या यानाच्या मागे तर ३७ वर्षांचा अनुभव होता. मालकी सरकारी असली म्हणजे रॉकेट पडत नाही, असा नियम नाही; १८ मे २०२५ रोजी आपले पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरल्याचे दुःखही ताजे आहे. आठ महिन्यांत तीन याने गमावूनही आंतरराष्ट्रीय स्थानक रिकामे करावे लागले नाही, कारण माल पोहोचवणारे अनेक होते. जुलै २०१५ मध्ये रशियाचे आणि ऑगस्टमध्ये जपानचे यान पोहोचले. ऑर्बिटलने तर आपले यान दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅटलस रॉकेटवर चढवून डिसेंबर २०१५ मध्ये फेऱ्या पुन्हा सुरू केल्या. यातून दोन अटी निघतात. पुरवठादार दोन हवेत, आणि यान एकाच रॉकेटला जखडलेले नको. एकट्या इस्रोच्या एकमेव यानावर विसंबलेले स्थानक या कसोटीला उतरणार नाही.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सुरुवातीला स्वस्तात काम करणारी कंपनी पुढे अडवून दर वाढवते. याचाही पुरावा आहे. मालवाहतुकीच्या दुसऱ्या करारात किलोमागचा खर्च वाढल्याचे नासाच्याच महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ मध्ये दाखवून दिले. ५ जून २०२५ रोजी तर राष्ट्राध्यक्षांशी झालेल्या जाहीर वादात स्पेसएक्सच्या मालकाने ड्रॅगन याने मोडीत काढण्याची धमकी दिली आणि काही तासांत मागे घेतली. एका देशाची अंतराळातली ये-जा एका माणसाच्या रागालोभावर टांगणीला लागावी, हे कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नाही. मात्र यावरचा उपाय सरकारी मक्तेदारी हा नव्हे. करारातच काळजी घेता येते. स्थानकाला जोडणाऱ्या यंत्रणेची रचना इस्रोने ठरवावी आणि ती सर्व भारतीय कंपन्यांना खुली ठेवावी, म्हणजे कोणतेही नवे यान उद्या स्पर्धेत उतरू शकेल. सरकारी पैशातून विकसित झालेल्या तंत्राच्या वापराचा हक्क, कंपनी बुडाली किंवा तिने काम सोडले तर, सरकारकडे यावा. करार पाच-सहा वर्षांचे असावेत आणि दर फेरीत नव्या स्पर्धकाला वाव असावा. अमेरिकेने यातले काही केले, काही करायचे राहिले. आपल्याला तिच्या अनुभवातून दोन्ही शिकता येते.

मग इतका खटाटोप कशाला, परदेशी यानाने सामान पाठवू, असेही कुणी म्हणेल. भारताला हा सल्ला महागात पडू शकतो. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र घेण्याचा आपला करार १९९२-९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे मोडला आणि ते इंजिन स्वतः घडवण्यात आपली वर्षे गेली. आताचा अनुभवही बोलका आहे. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्सिअम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे गेले; त्या मोहिमेवर आपण सुमारे ५४८ कोटी रुपये खर्च केले. ती मोहीम आवश्यक होती आणि तिच्यातून मिळालेले शिक्षण मोलाचे आहे. पण स्थानकाची नेहमीची रसद अशी परक्याच्या वेळापत्रकावर आणि दरावर ठेवता येणार नाही. शुक्ला यांनी तिथे मेथी आणि मूग रुजवले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा तो प्रयोग होता. रुजलेले बी शीतपेटीत ठेवून पृथ्वीवर परत आणावे लागते, तेव्हा कुठे प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास होतो. म्हणून आपल्या दोन मालवाहू यानांपैकी एक तरी नमुने सुखरूप परत आणणारे असावे, ही अट पहिल्याच निविदेत हवी. परत येण्याची सोय नसेल तर स्थानकावरच्या विज्ञानाचा मोठा भाग वरच जळून जाईल.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप मात्र गावाकडून येतो. निमोणे, न्हावरे, मांडवगण या शिरूरच्या पूर्वेकडच्या गावांत पावसाची शाश्वती नाही, कांद्याच्या भावाची नाही. तिथल्या माणसाने अंतराळातल्या शिध्याची फिकीर का करावी? हा प्रश्न झटकून टाकण्याचा नाही. अंतराळ विभागाचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे १३,४०० कोटी रुपयांचे आहे आणि तो पैसा करदात्यांचा आहे. त्यात निमोण्याचा शेतकरीही प्रत्येक खरेदीवर कर भरून भागीदार आहे. स्थानक बांधायचा निर्णय झालेला आहे. आता प्रश्न उरतो तो ते चालवण्यासाठी दर वर्षी किती पैसा जाणार याचा. रक्कम आधी पक्की करणारा, काम झाल्यावरच पैसे देणारा, कंपनीला स्वतःचे भांडवल घालायला लावणारा करार हा याच करदात्याच्या हिताचा आहे. ज्याला सिंचनाच्या कालव्यावर, रस्त्यावर आणि शाळेवर पैसा खर्च व्हावा असे वाटते, त्याने तर अंतराळातला प्रत्येक रुपया मोजून खर्च होतो की नाही हे अधिक कटाक्षाने पाहायला हवे. खर्चाची मर्यादा नसलेला सरकारी प्रकल्प लांबतो, महागतो आणि शेवटी दुसऱ्याच्या ताटातले काढून घेतो.

शिवाय या कामात पुणे जिल्ह्याचा वाटा असू शकतो, आणि तो मागण्याचा हक्क जिल्ह्याने कमावलेला आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा कारखाना १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी काम करतो. एसएलव्ही-३ च्या काळापासून रॉकेटांच्या मोटारींची आवरणे तिथे घडली आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटाच्या बूस्टरचे भागही तिथून गेले. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजने विकास आणि क्रायोजेनिक इंजिने घडवली. शिरूर तालुक्यातली रांजणगावची औद्योगिक वसाहत गाड्या आणि घरगुती उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांनी वाढली. २०२२ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहालाही केंद्राने मंजुरी दिली. या कारखान्यांभोवती पत्राकाम, वेल्डिंग, वायरिंग आणि अचूक यंत्रकाम करणारे छोटे उद्योग असतात. मालवाहू यानाला ॲल्युमिनियमचा हवाबंद कक्ष लागतो, तारांचे जुडगे लागतात, झडपा आणि सामानाच्या चौकटी लागतात. हे काम घ्यायला लहान उद्योजकाला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. अंतराळ दर्जाच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रांचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असतो, आणि झालेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळण्याची खात्री नसते. तामिळनाडू आणि गुजरात यांनी २०२५ मध्ये अंतराळ उद्योगासाठी स्वतंत्र धोरणे आणली. महाराष्ट्राने रांजणगाव किंवा चाकणसारख्या ठिकाणी सर्वांना वापरता येईल असे चाचणी केंद्र उभारले, आणि आयटीआयमध्ये या दर्जाच्या वेल्डिंगचा व तपासणीचा अभ्यासक्रम सुरू केला, तर शिरूर-दौंडच्या मुलामुलींना घराजवळ चांगले काम मिळण्याची शक्यता निर्माण होईल. ते आपोआप घडणार नाही. मागणी केली आणि वेळेत केली, तरच घडेल.

वेळेचा मुद्दा निर्णायक आहे. अमेरिकेत २००६ च्या निवडीपासून पहिले यान स्थानकाला जोडले जाईपर्यंत जवळपास सहा वर्षे गेली, आणि तिथे भांडवलाची किंवा तज्ज्ञांची वानवा नव्हती. आपला पहिला कक्ष २०२८ मध्ये जायचा आहे, स्थानक २०३५ मध्ये पूर्ण व्हायचे आहे. आज स्पर्धा जाहीर केली तरी यान तयार व्हायला पुढचे दशक उजाडेल. ती २०३० वर ढकलली तर स्थानक तयार आणि वाहन नाही, अशी स्थिती ओढवण्याचा धोका आहे. चीनने आपल्या स्थानकासाठी सरकारी मालवाहू यान चालू असतानाच २०२४ मध्ये कमी खर्चाच्या दोन नव्या यानांची निवड केली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक या दशकाच्या अखेरीस निवृत्त होणार आहे आणि त्याच्या जागी खासगी स्थानके उभी करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यांनाही सामान लागेल, म्हणजे चांगल्या भारतीय यानाला परदेशी गिऱ्हाईक मिळण्याची वाटही खुली असेल. इस्रोच्या शास्त्रज्ञांना चंद्रावरून माती आणायची आहे, नवे रॉकेट घडवायचे आहे, माणसाला चंद्रावर नेण्याची तयारी करायची आहे. दर काही महिन्यांनी शिधा पोहोचवण्याच्या फेऱ्यांत त्यांची बुद्धी आणि उमेद खर्ची पडू नये.

म्हणून केंद्र सरकारकडे, अंतराळ विभागाकडे आणि खासगी अंतराळ उद्योगाला परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेकडे मागणी स्पष्ट आहे. भारतीय अंतराळ स्थानकाच्या मालवाहतुकीची गरज किती टनांची, जोडणीची रचना कोणती आणि सुरक्षेच्या अटी काय, हे येत्या वर्षभरात जाहीर करा. किमान दोन भारतीय कंपन्या निवडा, त्यांना टप्प्याटप्प्याने आणि पक्क्या रकमेत पैसे द्या, इस्रोच्या चाचणी सुविधा त्यांना खुल्या करा, आणि करार जनतेला वाचायला मिळू द्या. महाराष्ट्र सरकारने आपले अंतराळ उद्योग धोरण आणि चाचणी केंद्र याच काळात मार्गी लावावे. शिरूर, दौंड आणि इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय दिल्लीत आणि मुंबईत लावून धरावा, आणि मतदारांनी त्याबद्दल त्यांना विचारत राहावे. स्थानक बांधण्याचा निर्णय देशाने घेतला आहे. ते चालते ठेवण्याचा निर्णय त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो आताच घ्यायला हवा.